गव्याला वशिंड नसतं : रानातले प्राणी रेखाटायला शिकताना

जांबोटीकडच्या एका गावात शेताच्या बांधावर बसून मी पहिल्यांदा गवा काढला. काढून झाल्यावर वही शेजारी बसलेल्या काकांना दाखवली. त्यांच्या भातात गवे दरवर्षी उतरतात. काकांनी वही लांब धरून पाहिली, मग जवळ धरून पाहिली आणि म्हणाले, "बाई, ह्यो गवा न्हवं की ओ. आमचाच बैल काळा करून ठेवलाय तुम्ही."

खरंच होतं ते. ओढ्यापलीकडे गवा उभा होता, चांगला पाच-सात मिनिटं उभा होता, आणि माझ्या हातानं मात्र लहानपणापासून ओळखीचा खिलारी बैल काढला होता. खांद्यावर गोल वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, सगळं जिथल्या तिथं. काकांनी बोटानं हवेत एक रेघ ओढली. मानेपासून निघाली, खांद्यावरून सपाट पुढे गेली, पाठीच्या मध्यावर आली आणि तिथं पायरी उतरावी तशी खाली आली. "ह्ये असं असतंय," म्हणाले.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मुलांना चित्रकला शिकवते. त्या दिवसापासून प्राणी शिकवण्याची माझी रीतच बदलली. हाताला जे ठाऊक नसतं तिथं तो ओळखीचं काहीतरी भरतो, म्हणून रेघ जिथं अडते तिथं ती रेटायची नाही. जागा कोरी सोडायची आणि शेजारी प्रश्न लिहायचा. घरी येऊन उत्तर शोधायचं आणि मग ती रेघ पुरी करायची. अशी सापडलेली माहिती विसरत नाही, कारण तिची जागा आपल्याच चित्रात रिकामी ठेवलेली असते. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका सवयीभोवती आहे.

वही, पेन्सिल आणि आपल्याकडचा पाऊस

साहित्यावर फार खर्च करू नका. हातात मावेल अशी, पुठ्ठ्याच्या कडक पाठीची कोऱ्या कागदांची वही, एक एचबी आणि एक ४बी पेन्सिल, साधं निळं किंवा काळं बॉलपेन एवढ्यावर वर्ष निघतं. नवशिक्यांनी पहिले काही महिने खोडरबर घरीच ठेवावं. रबर हातात असलं की मुलं प्राण्याकडे बघायचं सोडून कागदच घासत बसतात.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात कागद नुसत्या हवेनंच ओलसर होतो. त्यावर मऊ पेन्सिल उमटत नाही, शाईपेन फुटतं आणि जोर दिला की कागद सोलवटतो. या दिवसांत बॉलपेन सगळ्यात भरवशाचं. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि घरी आल्यावर पानं उघडी करून ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

सुरुवात गोठ्यापासून

रानात जायची घाई नको. पहिला महिना गोठ्यातली म्हैस, दारातलं कुत्रं आणि कौलांवरचं मांजर काढा. शहरात राहत असाल तर बेळगावच्या रस्त्यांवर बसलेली गुरं आहेतच.

म्हशीपाशी बसून तिचा मागचा पाय बघा. मुलांची रेघ इथं हमखास अडते. "बाई, हिचा गुडघा उलटा का वळलाय?" हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. तो गुडघा नव्हेच, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी कातडीत दडलेला असतो. पुढच्या पायाचा जो गुडघा वाटतो, ते तिचं मनगट. म्हणजे म्हैस, हरीण, गवा ही सगळी मंडळी बोटांच्या टोकांवर, नखांवर उभी असतात. खूर म्हणजे नखच. कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात, टाच वर उचललेली असते. आणि अस्वल आपल्यासारखं सगळा तळवा टेकून चालतं.

हे नुसतं वाचून सोडू नका. उठून उभे राहा, चवड्यांवर या, गुडघे थोडे वाकवा आणि आपल्या टाचेकडे बघा. मग म्हशीचा पाय पुन्हा काढा. माझ्या वर्गातली मुलं हे बाकाला धरून करतात, आणि त्यानंतर उलटा गुडघा कुणाच्याच वहीत दिसत नाही.

पाय समजला की बाकीच्या प्राण्याची बांधणी सोपी आहे. आधी पाठीच्या कण्याची एकच लांब रेघ, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत. मग छातीचा मोठा अंडाकार आणि पुठ्ठ्यांचा लहान. मग चार पायांचे सांधे, नुसते ठिपके. डोळे, कान, केस शेवटी. बहुतेक जण डोळ्यापासून सुरू करतात आणि शेपटीपर्यंत येताना कागद संपतो.

हलणारा प्राणी

आपल्याकडे हायवेवर भुतरामहट्टीला कित्तूर राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालय आहे. तिथं वहीचं एक पान एकाच प्राण्याला द्यायचं. पिंजऱ्यातला मोठा मांजरवर्गीय प्राणी बऱ्याचदा एकाच वाटेनं येरझाऱ्या घालतो, म्हणजे तीच पोज दीड-दोन मिनिटांनी परत येते. अशा वेळी एका पानावर सहा चित्रं एकदमच सुरू करा. वळताना एक, डावा पाय पुढे असताना एक, मान खाली असताना एक. प्राणी त्या पोजमध्ये आला की त्या चित्रात दोन रेघा वाढवायच्या आणि तो सरकला की दुसऱ्या चित्राकडे जायचं. अर्ध्या तासात दोन-तीन पुरी होतात, बाकीची अर्धीच राहतात. अर्धी राहिलेली खोडू नका.

मोबाइलमधल्या फोटोवरून काढू नये असं मी म्हणत नाही, पण आधी डोळ्यांनी बघून काढा आणि फोटो तपासायला वापरा. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि पुठ्ठे बारीक दिसतात. शिवाय हल्ली संगणकानं बनवलेले वाघ-बिबटे सगळीकडे फिरतात, त्यांची बोटं मोजून बघा.

न पाहिलेला प्राणी ऐकीव माहितीवर काढला की काय होतं, त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या शेजारून गेलेलं आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहा दुसऱ्यानं पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररनं तो कधीच पाहिला नाही. आलेलं वर्णन आणि कुणीतरी काढलेलं कच्चं चित्र यांवरून त्यानं लाकडी ठशाचं चित्र केलं. कातडीच्या घड्यांच्या जागी चिलखताचे पत्रे आले आणि मानेमागे एक जादा शिंगही. रेघ इतकी देखणी की पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच असं लोक मानत राहिले. मी मुलांना हे चित्र आवर्जून दाखवते. त्या जादा शिंगाच्या जागी त्यानं प्रश्न लिहून ठेवला असता तर, असं मला दर वेळी वाटतं.

गवा, सावकाश

आता त्या काकांच्या रेघेकडे येऊ. बैलाचं वशिंड स्नायू आणि चरबीचं असतं. बैल थकला, वाळला की ते कलतंही. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा मात्र हाडांवर उभा असतो. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंतच्या मणक्यांना वरच्या बाजूला लांब लांब काटे असतात, त्यांच्यावर स्नायू ताणलेले. काट्यांची लांबी जिथं एकदम कमी होते तिथं पाठही एकदम उतरते. काकांनी हवेत काढलेली पायरी ती हीच.

म्हणून गवा काढताना पहिली रेघ डोक्याची नाही, ही पायरी. ती ठिकाणावर आली की बाकीचा प्राणी तिच्यामागे येतो. डोकं खांद्याच्या खालीच धरा. नर गवा खांद्याशी सहज पावणेसहा-सहा फूट भरतो, पण डोकं त्याहून खाली असतं, आणि त्यामुळेच तो इतका जड दिसतो. दोन शिंगांमध्ये कपाळावर उंच फुगीर कड असते. शिंगं बाजूला निघून वर वळतात, बुंध्याशी पिवळट-हिरवी आणि टोकाला काळी. माद्यांनाही शिंगं असतात, फक्त बारीक आणि आत जास्त वळलेली. गुडघ्यापासून खाली चारी पायांना पांढरे मोजे. पिल्लू काढायचं असेल तर काळा रंग बाजूला ठेवा, ते सोनेरी-तपकिरी जन्मतं. वयात आलेला नरच तेवढा चकचकीत काळा होतो.

माझा सल्ला असा, की कागदाआधी एकदा माती हातात घ्या. खानापूरची तांबडी कुंभारमाती आपल्याला जवळच आहे, आणि बेंदराला मातीचे बैल इथल्या कुणी केले नाहीत? तसाच एक बैल करा. मग वशिंड काढून टाका आणि त्या जागी पाठीच्या मध्यापर्यंत मातीची भिंत चढवा. अंगठ्यानं ती भिंत दाबताना पायरी जी कळते, ती शंभर फोटो बघून कळत नाही. माती वाळली की तो गवा खिडकीत ठेवून सकाळ-संध्याकाळच्या उन्हात काढा. गव्याची सावली कशी पडते हे सुरक्षितपणे शिकायचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

शिंगांबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकते. मराठीत आपण गव्यालाही शिंग म्हणतो आणि सांबरालाही, पण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. गव्याचं शिंग म्हणजे आत हाड, वर नखाच्या जातीचं आवरण. ते जन्मभराचं, त्याला फाटे नाहीत. सांबराचं आख्खं शिंग हाडाचं असतं, फक्त नराला, आणि ते गळून पुन्हा नवं येतं. वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते. भेकराचं आणखी वेगळं: शिंग लहानसं, पण ते केसाळ, उंच खुंटावर बसवलेलं, आणि त्या खुंटांच्या कडा कपाळावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उतरतात. नराच्या तोंडात वरचे सुळे बाहेर डोकावतात. भेकर भुंकतं, ते तर इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

चिखलातले ठसे

प्राणी दिसला नाही तरी ओढ्याकाठचा चिखल रिकामा नसतो. ठसा नेहमी खऱ्या मापात काढावा. कागद शेजारी ठेवून लांबी-रुंदी पेन्सिलीवर बोटानं खुणा करून घ्या आणि तशीच कागदावर उतरवा. तारीख, वेळ, ठिकाण लगेच लिहा.

मांजरवर्गीय प्राण्यांच्या ठशात नखं दिसत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्रा, कोल्हा, रानकुत्रा यांची नखं उमटतात. मांजरवर्गीयांच्या मोठ्या गादीला मागच्या बाजूला तीन उंचवटे असतात. आणि बिबट्याचा माग काढताना पावलं कमी का दिसतात? तो बऱ्याचदा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरच टाकतो. अस्वलाचा मागचा ठसा पाहून मात्र लहान मूल अनवाणी गेल्याचा भास होतो.

बेळगावकरांना २०२२ चा ऑगस्ट आठवत असेल. गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती छावणीतून हत्ती आणले गेले. त्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रात बिबट्याच्या अंगावर गोल काळे ठिपके होते. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर ठिपके नसतात, तुटक काळ्या पाकळ्यांची फुलं असतात, आणि फुलाच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा थोडा गडद. भरीव ठिपके डोक्यावर, पायांवर आणि पोटाकडे. प्रत्येक बिबट्याची ही नक्षी वेगळी, त्यावरूनच अभ्यासक एकेक प्राणी ओळखतात. काढताना फुलं सरळ रांगेत मांडू नका. शरीर जिथं आपल्यापासून वळून दूर जातं तिथं ती चपटी होतात, आणि तेवढ्यानंच अंगाला गोलाई येते.

ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

साळिंदर काटे फेकून मारतं असं अजूनही घरोघर सांगतात. ते फेकत नाही. काटे सैल रोवलेले असतात, शत्रू जवळ आला की साळिंदर पाठ करून उलटं त्याच्या अंगावर जातं आणि काटे टोचून तिथंच राहतात. शेपटीचे काटे पोकळ असतात, हलवले की खुळखुळतात. म्हणजे चित्रात हल्ला करणारं साळिंदर तोंड पुढे करून काढलं तर चुकलंच.

अस्वलाच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, नाकपुड्या मिटून, मोठा आवाज करत. म्हणून त्याचा खालचा ओठ सैल आणि मुस्कट लांब काढायचं. पुढची नखं आपल्या बोटाएवढी लांब. अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, आणि पाठीवरचे दाट केस ही पिल्लांची पकड.

शेकरू झाडावरून डोकं खाली करून उतरतं ते मागचा घोटा फिरवता येतो म्हणून. त्याच पायांनी फांदीला लटकून, पुढच्या दोन्ही हातांत फळ धरून ते खातं. शेपटी अंगापेक्षा लांब असते, तोल सांभाळायला. मुलं ती नेहमी आखूड काढतात.

पिसोरी, आपल्या रानातलं जेमतेम फूटभर उंचीचं हरणासारखं जनावर. त्याला शिंगं नसतात, नराला बारीक सुळे असतात. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या आणि पट्ट्यांच्या ओळी.

वटवाघळासाठी मात्र स्वतंत्र पान ठेवा. आपल्या तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. त्याच भागातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटन यांच्या नावानं ओळखलं जाणारं, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ राहतं. १९१३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली, आणि जवळजवळ पूर्ण शतक ते फक्त इथंच आहे असं मानलं जात होतं. "जगात फक्त बारापेडेत" असं आजही लोक अभिमानानं सांगतात. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. अभिमान कमी करायचं काही कारण नाही, वाक्य तेवढं दुरुस्त करू या. गुहेत जाऊ नका. माणसांच्या वर्दळीनं वसाहत उठते.

ते न बघताही वटवाघळाचा पंख शिकता येतो. कागदावर आपला पंजा ठेवून बाहेरून रेघ फिरवा. अंगठा तसाच ठेवा. बाकीची चार बोटं कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंतराएवढी किंवा त्याहून लांब करा. आता बोटांच्या टोकांमध्ये आत वळलेल्या कमानी काढा आणि शेवटची कमान घोट्यापर्यंत न्या. झाला पंख. वटवाघूळ हातानं उडतं, हे मी तासभर बोलून पटवू शकले नसते, ते मुलांना या एका पानात पटतं. मोकळ्या शेपटीच्या जातीत शेपटी कातडीच्या पडद्याच्या बाहेर आलेली काढायची.

नावं दोन्ही भाषांत लिहा

आपल्याकडचे वनरक्षक बहुतेक कन्नड बोलणारे. नाव कन्नडमध्ये आलं तर त्यांच्याकडून जे ऐकायला मिळतं ते पुस्तकात नसतं. गवा म्हणजे काडुकोण किंवा काटी, बिबट्या चिरते, अस्वल करडी, सांबर कडवे, मोर नविलु. गंमत पुढे आहे. रानडुक्कर काडुहंदी, साळिंदर मुळ्ळुहंदी म्हणजे काट्यांचं डुक्कर, आणि खवले मांजर चिप्पुहंदी, खवल्यांचं डुक्कर. आपण ज्याला मांजर म्हणतो त्याला शेजारी डुक्कर म्हणतात, आणि ते दोन्हीही नाही. त्याला दात नाहीत, लांब चिकट जिभेनं ते मुंग्या-वाळवी टिपतं, आणि पुढची नखं झिजू नयेत म्हणून ती आत मुडपून चालतं. वहीत दोन्ही नावं शेजारीशेजारी लिहिली की हा प्रश्न आपोआप पडतो.

रानात जाताना

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीनं आणि त्यांच्या माणसाबरोबरच जा. पहाटे आणि तिन्हीसांजेला पायी हिंडू नका, अस्वल अचानक समोर आलं तर पळायला जागा नसते. गव्यानं चरणं थांबवून मान वर केली, की आपण फार जवळ आलो असं समजून हळूहळू मागे सरा. सांबराचं गळलेलं शिंग, साळिंदराचा काटा उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असे अवयव बाळगणं गुन्हा आहे. जिथं पडलंय तिथंच बसून काढा. सावली, पालापाचोळा, चढणाऱ्या मुंग्या, सगळं चित्रात येतं.

रंगासाठी जांभ्याची तांबडी माती फडक्यातून गाळून, थोड्या डिंकाच्या पाण्यात कालवा. चुलीतला कोळसा काळ्यासाठी. भेकराचा तांबूस रंग या मातीइतका दुसऱ्या कशात मी पाहिला नाही.

माझ्या वहीत पिसोरीचं पान अजून अर्धंच आहे. कणकुंबीच्या वाटेवर गाडीच्या उजेडात ती दोन-तीन सेकंद दिसली होती. वाकलेली पाठ, काडीसारखे पाय आणि मोठा डोळा एवढं हाताला लागलं. शेपटीच्या जागी कागद कोरा आहे आणि शेजारी लिहिलंय, "वर होती की खाली? खालून पांढरी होती का?" परवा सातवीतल्या एका मुलीनं ते पान उघडून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, माझा आजोबा रात्री पाण्याला जातोय शेताकडं, त्याला विचारून येते." अजून ती काही बोललेली नाही. मी पेन्सिल त्या पानातच ठेवली आहे.